शपथ तिकडची, कायदा इकडचा

अमेरिकेत सिटिझनशिपचा अर्ज मंजूर झाला, मुलाखत झाली, इंग्रजीची आणि इतिहास-राज्यकारभाराची परीक्षाही पार पडली, तरी माणूस अजून नागरिक झालेला नसतो. शपथ उरलेली असते. ती कधी न्यायालयात होते, कधी इमिग्रेशनच्या कार्यालयात, कधी एखाद्या मोठ्या सभागृहात. तिथे ग्रीन कार्ड परत करावं लागतं. मुलाखतीनंतर परदेशी गेलात का, कुठे अटक झाली का, अशा प्रश्नांचा एक कागदही भरून द्यावा लागतो. मग सगळे उभे राहतात, उजवा हात वर करतात आणि समोरचा अधिकारी सांगेल ते शब्द त्याच्यामागून म्हणतात. सुरुवातच मोठी कडक आहे. आजवर मी ज्या परक्या राजाची, सत्तेची किंवा राष्ट्राची प्रजा वा नागरिक होतो, त्याच्यावरची सगळी निष्ठा मी समूळ सोडून देत आहे, असा तिचा आशय. पुढे राज्यघटनेचं रक्षण करण्याचं वचन, कायद्याने सांगितल्यास देशासाठी शस्त्र हाती घेण्याची तयारी, आणि हे सगळं मनात काही राखून न ठेवता, स्वखुशीने करत असल्याची ग्वाही. काही मिनिटांत सारं आटोपतं आणि सर्टिफिकेट हातात पडतं.

पुण्या-मुंबईतल्या घराघरांत एक समज पक्का बसलेला आहे : या शपथेत भारत सोडल्याचं जाहीर करावं लागतं, म्हणून भारताचं नागरिकत्व जातं. तसं नाही. भारताचं नागरिकत्व त्या क्षणी जातं हे खरं, पण ते शपथेतल्या वाक्याने जात नाही. ते भारताच्या कायद्याने जातं. अमेरिकेचा त्यात हात नाही.

पडताळा घ्यायचा तर ब्रिटन पाहावं. तिथल्या शपथेत राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांचे वारस यांच्याशी कायद्यानुसार निष्ठावंत राहण्याचं वचन आहे, आणि देशाच्या लोकशाही मूल्यांना मानण्याची एक प्रतिज्ञा आहे. जुना देश सोडण्याबद्दल एक शब्द नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिज्ञेत १९९४ पासून राणी-राजाचंही नाव नाही. त्या देशाशी, तिथल्या लोकांशी निष्ठा, एवढंच. तरीही लंडनमध्ये किंवा मेलबर्नमध्ये शपथ घेणारा मराठी माणूस त्याच क्षणी भारतीय नागरिक राहत नाही. उलट एखादा आयरिश माणूस बोस्टनमध्ये तीच कडक अमेरिकन शपथ घेतो, परक्या सत्तेवरची निष्ठा सोडल्याचं मोठ्याने म्हणतो, आणि त्याचा आयरिश पासपोर्ट खिशात तसाच राहतो. कारण आयर्लंडला त्याची हरकत नाही. जुनं नागरिकत्व ठेवायचं की काढून घ्यायचं, हे जुना देश ठरवतो.

मग अमेरिकेने ती ओळ शपथेत घातली कशाला? त्यासाठी त्या देशाच्या जन्माकडे जावं लागतं. १७९० च्या पहिल्या कायद्यात ती ओळ नव्हतीच. राज्यघटनेला पाठिंबा देण्याची शपथ पुरत होती. निष्ठा सोडण्याची अट आली १७९५ मध्ये. फ्रान्समध्ये क्रांती चालू होती, युरोपातून उमराव आणि त्यांचे विरोधक दोघेही अटलांटिक ओलांडून येत होते, आणि नव्या प्रजासत्ताकाला राजेशाहीची सावलीही नको होती. काउंटसारखी वंशपरंपरागत पदवी असेल तर तीही सोडल्याचं सांगावं लागे. आजही लागतं.

समोर ब्रिटनचा दंडक होता : जन्माने जो राजाचा, तो मरेपर्यंत राजाचा. प्रजेला आपल्या मर्जीने ही निष्ठा सोडता येत नाही, असं इंग्लंडचा कायदा मानत असे. त्याच आधारावर ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजं अडवून खलाशांना ‘तू आमचाच’ म्हणून उचलून नेई. १८१२ च्या युद्धामागचं ते एक मोठं कारण. अमेरिकेने १८६८ मध्ये कायदाच केला, की देश सोडून दुसऱ्या देशाचा होणं हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे. १८७० मध्ये ब्रिटननेही हट्ट सोडला आणि परदेशी नागरिकत्व घेणारा ब्रिटिश प्रजाजन राहत नाही, असं ठरवलं. निष्ठा सोडण्याची ती ओळ मुळात माणसाला राजाच्या मालकीतून सोडवण्याच्या धडपडीतून आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आज ती वाचताना आपल्याला तिच्यात फक्त ताटातूट दिसते.

शस्त्र घेण्याच्या कलमाची कथा वेगळी आहे. रोझिका श्विमर ही हंगेरीतून आलेली शांततावादी लेखिका. वयाची पन्नाशी आलेली, आणि त्या काळी बाईला कोणी लढाईवर पाठवणारही नव्हतं. पण मी शस्त्र घेणार नाही असं तिने अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं, आणि १९२९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये जेम्स गिरुआर्ड या धर्मश्रद्धेने शस्त्र नाकारणाऱ्या माणसाच्या खटल्यात न्यायालयाने ही भूमिका बदलली. आता अशा माणसाला शपथेतून शस्त्राचा भाग गाळून मिळतो, मात्र त्याने ते धार्मिक किंवा तितक्याच खोल नैतिक श्रद्धेने मागावं लागतं. देवाचं नावही गाळता येतं. निष्ठा सोडण्याची ओळ मात्र कोणालाच गाळून मिळत नाही.

आणि तरीही अमेरिका दुहेरी नागरिकत्व चालवून घेते. याचं श्रेय बरंचसं एका चित्रकाराकडे जातं. बेज अफ्रोयिम पोलंडमध्ये जन्मले, १९२६ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले, पुढे इस्रायलला गेले आणि १९५१ मध्ये तिथल्या निवडणुकीत त्यांनी मत दिलं. परक्या देशात मतदान करणारा नागरिकत्व गमावतो, असा तेव्हा अमेरिकन कायदा होता. १९६० मध्ये पासपोर्टचं नूतनीकरण नाकारलं गेलं, अफ्रोयिम लढले, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सांगितलं, की नागरिकाच्या इच्छेविरुद्ध त्याचं नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार अमेरिकन काँग्रेसला नाही. १९८० च्या टेराझास खटल्यात आणखी एक पाऊल पडलं : माणसाने मेक्सिकोच्या निष्ठेच्या कागदावर सही केली एवढ्याने भागत नाही, अमेरिकन नागरिकत्व सोडण्याचाच त्याचा इरादा होता हे सरकारने दाखवायला हवं. १९९० पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं असं गृहीतच धरतं, की दुसऱ्या देशाची नेहमीची शपथ घेणाऱ्या अमेरिकनाला आपलं नागरिकत्व ठेवायचं आहे.

बाहेरून येणाऱ्याच्या बाबतीत तर प्रश्न आणखी सरळ आहे. जुना पासपोर्ट जमा केला का, त्याची पावती दाखवा, असं शपथेच्या दिवशी तिथला अधिकारी म्हणत नाही. ओळ म्हणवून घेतात आणि पुढे जातात. हे ढोंग आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. त्या शपथेने नव्या देशाचे कायदे आणि कर्तव्यं पुरती अंगावर येतात. दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये अमेरिकन युद्धकैद्यांना छळणारा तोमोया कावाकिता हा कॅलिफोर्नियात जन्मलेला, दोन्ही देशांचा नागरिक. तेव्हा मी जपानी होतो, हा त्याचा बचाव १९५२ मध्ये टिकला नाही. देशद्रोहाची शिक्षा कायम झाली. पासपोर्ट दोन असले म्हणून कर्तव्य अर्धं होत नाही.

भारतीयांच्या वाट्याला ही शपथ फार कडू अनुभव घेऊन आली. मुंबईचे पारशी भिकाजी फ्रामजी बलसारा कापसाच्या व्यापारानिमित्त न्यूयॉर्कला होते. तेव्हा कायद्याने फक्त गोऱ्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळे. पारशी गोरे ठरतात, असा निकाल १९१० मध्ये अपिलात लागला आणि बलसारांचं नागरिकत्व टिकलं. त्या काळच्या नियमाप्रमाणे ज्या राजाची प्रजा होता त्याचं नाव घेऊन निष्ठा सोडावी लागे. मुंबईकराने तिथे सोडली ती ब्रिटनच्या राजावरची.

पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात वारं फिरलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा गणवेश घातलेल्या थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात भारतीय बसत नाही. हे भावी अर्जदारांपुरतं राहिलं नाही. आधीच शपथ घेतलेल्या भारतीयांचं नागरिकत्व सरकार काढून घेऊ लागलं. पेशावरहून आलेले वैष्णोदास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकानदार होते. १९२१ मध्ये त्यांनी शपथ घेतली होती. नागरिकत्व गेल्यावर मालमत्ता ठेवणं अवघड झालं, आणि भारतात जाऊन यायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असं त्यांना सुचवण्यात आलं. ज्या सत्तेवरची निष्ठा त्यांनी शपथेवर सोडली होती, तिच्याच दारात परत जायचं! त्यांनी ते केलं नाही. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात आपण हे पाऊल का उचलत आहोत, ते त्यांनी लिहिलं होतं.

ही लाट थांबवली सखाराम गणेश पंडित या वकिलाने. लॉस एंजेलिसला वकिली करणारे पंडित १९१४ मध्ये नागरिक झाले होते आणि थिंद यांचा खटलाही त्यांनीच चालवला होता. तो हरल्यावर सरकार त्यांच्याही मागे लागलं. पंडितांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला. मला नागरिकत्व देताना सरकार न्यायालयात हजर होतं, त्याने विरोध केला, तो फेटाळला गेला, आणि सरकारने अपील केलं नाही. मग मिटलेला प्रश्न इतक्या वर्षांनी उकरता कसा येईल, हा त्यांचा मुद्दा होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला दाद दिली नाही, आणि उरलेल्या भारतीयांवरच्या कारवाया थंडावल्या. भारतीयांना सरसकट नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ मध्ये, वर्षाला शंभर माणसांच्या कोट्याने. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात बसतात. त्या सभागृहासाठी किमान सात वर्षं नागरिक असावं लागतं, जन्म कुठे झाला हे विचारत नाहीत.

आता आपला कायदा. घटना समितीत नागरिकत्वाचे अनुच्छेद १९४९ च्या ऑगस्टमध्ये चर्चेला आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं, की मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दुसऱ्या एखाद्याच अनुच्छेदाने दिली असेल. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी तर या मसुद्याने भारतीय नागरिकत्व फार स्वस्त होईल, अशी कडक टीका केली. फाळणी होऊन दोन वर्षं झाली होती, माणसं अजून सीमेच्या अलीकडे-पलीकडे होत होती. त्या वातावरणात अनुच्छेद ९ आला : ज्याने स्वेच्छेने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तो भारताचा नागरिक नाही. हे अनुच्छेद इतके तातडीचे होते, की ते २६ जानेवारीची वाट न पाहता २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाले. पुढच्या काळासाठी तेच तत्त्व १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्ये आलं. परक्या देशाचा पासपोर्ट काढणं हा त्याचा निर्णायक पुरावा, असा नियम झाला, आणि १९६२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ते खटले मुख्यतः पाकिस्तानी पासपोर्टाचे होते. तोच नियम आज न्यू जर्सीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला लागतो. एकट्या २०२२ मध्ये २,२५,६२० माणसांनी भारतीय नागरिकत्व सोडलं.

कलम ९ ची धार कुठवर जाते, हे २०२४ च्या एका निकालात दिसलं. आईवडिलांनी १९९८ मध्ये सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं तेव्हा मुलगा आईच्या पोटात होता. सज्ञान झाल्यावर त्याने भारतीय नागरिकत्व परत मागितलं. कायद्याच्या कलम ८ प्रमाणे, आईबापांनी नागरिकत्वाचा रीतसर त्याग केला असेल तर मुलांना अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर वर्षभरात ते परत मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इथे आईबापांनी त्याग केलेलाच नाही; परकं नागरिकत्व घेताच कलम ९ ने त्यांचं भारतीयत्व आपोआप संपलं, म्हणून मुलाला कलम ८ ची सवलत नाही. कायद्याचा अर्थ म्हणून हे बरोबर असेल. पण त्यागाचा कागद आधी भरला की नाही, एवढ्यावर पुढच्या पिढीचा हक्क लोंबकळावा, हे मला खटकतं. संसदेने ही फट बुजवायला हवी.

व्यवहारात शपथ आणि पुढचा भारतप्रवास यांच्यामधला काळ नीट सांभाळावा लागतो. शपथ झाली की भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, त्याची मुदत दहा वर्षं बाकी असली तरी. तो सरेंडर करायचा. त्यावर रद्द झाल्याचा शिक्का बसतो आणि सरेंडर सर्टिफिकेट मिळतं. त्यानंतर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज. ते हातात येईपर्यंत भारतात यायला परदेशी माणसासारखा व्हिसा लागतो. ठाण्याला किंवा सांगलीला आई आयसीयूत आहे आणि मुलगा कागदाअभावी विमानतळावर अडला आहे, असे प्रसंग याच मधल्या दिवसांत येतात. म्हातारे आईवडील इकडे असतील तर शपथेची तारीख आली की नव्या पासपोर्टाबरोबर ई-व्हिसाचीही तजवीज करून ठेवावी.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व, असं सर्रास बोललं जातं. लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीने २००२ च्या अहवालात दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली होती हे खरं. २००६ च्या जानेवारीत हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसाला पहिली कार्डं वाटली गेली. पण प्रत्यक्षात हातात आला तो आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती. मत नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. वडिलोपार्जित शेत वारशाने मिळतं, शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण अशा कामांना वेगळी परवानगी लागते. २०१५ च्या दुरुस्तीत कायद्यानेच या नावाला ‘कार्डधारक’ हा शब्द जोडला. दुहेरी नागरिकत्व द्यावं की देऊ नये, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. जे नागरिकत्व नाही त्याला नागरिकत्वाचं नाव देऊन माणसांना आशेवर ठेवणं मात्र चूक आहे.

उलट दिशेने येणाऱ्यासाठी आपली शपथ छोटी आहे. भारतीय राज्यघटनेशी खरी निष्ठा, कायद्यांचं पालन, नागरिकाची कर्तव्यं. जुना देश सोडण्याचा उल्लेख तिच्यात नाही. पण अर्ज मंजूर झाल्यास जुनं नागरिकत्व सोडीन, अशी हमी पात्रतेच्या अटींतच आहे. तिथेच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एखाद्या भाषेचं पुरेसं ज्ञान असावं, अशीही अट आहे. म्हणजे नुसत्या मराठीवर माणूस भारतीय होऊ शकतो.

गोव्यात मात्र हा सगळा प्रश्न शपथेशिवायच उभा राहतो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. १९६२ च्या केंद्राच्या आदेशाने, ज्यांचा किंवा ज्यांच्या आईबाप-आजीआजोबांचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथला, ते सगळे भारतीय नागरिक ठरले. ज्याला जुनंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने महिन्याभरात तसं लिहून द्यायचं होतं. मोंतेरो नावाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी तसं लिहून दिलं आणि मुक्कामाची परवानगी संपल्यावरही ते गोव्यातच राहिले. परदेशी नागरिक विषयक कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

पोर्तुगालने भारताचा गोव्यावरचा हक्क मान्य केला तो १९७४ च्या शेवटच्या दिवशी झालेल्या कराराने. पण मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीजच राहिला, आणि त्याच्या मुला-नातवंडांनाही ती वाट मोकळी आहे. त्यासाठी शपथ नाही, समारंभ नाही, परीक्षा नाही. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करायची. मग ओळखपत्र आणि पासपोर्ट. पोर्तुगालच्या दृष्टीने हे नव्याने दिलेलं नागरिकत्व नाही, जन्मापासूनच असलेल्या नागरिकत्वाची ती नोंद आहे. मग भारताच्या कायद्यातलं ‘स्वेच्छेने घेतलेलं’ या अटीत ती बसते का? नुसती जन्मनोंद केली आणि पासपोर्ट काढला नाही, तर काय? गोव्यातल्या आमदारांच्या निवडीवरसुद्धा या प्रश्नावरून तक्रारी झाल्या आहेत. पासपोर्ट काढला की मात्र वादाला जागा राहत नाही.

हा पासपोर्ट घेऊन गोव्याची हजारो माणसं इंग्लंडला गेली; स्विंडनसारख्या गावात त्यांची मोठी वस्ती आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ पासून नव्याने जाणाऱ्यांना ती सोय उरली नाही. परत येणाऱ्यांची अडचण निराळी. भारतीय पासपोर्ट वेळेत सरेंडर न करता वापरत राहिलेल्या काहींचे पासपोर्ट सरकारनेच रद्द केले. त्यांना सरेंडर सर्टिफिकेट मिळेना, आणि त्याशिवाय ओसीआय मिळेना. २०२४ मध्ये हा पेच गोव्यात बराच गाजला. ज्यांना कार्ड मिळालं आहे ते आपल्या गावी घर बांधून राहू शकतात, बापाचं शेत वारशाने नावावर करून घेऊ शकतात. बांधाला लागून असलेला शेतजमिनीचा तुकडा त्यांना विकत घेता येत नाही, आणि पंचायतीच्या मतदारयादीत त्यांचं नाव नसतं.